बिनपट्ट्याचा हंस

लग्नाला नऊ वर्षं झाली तरी माझी सासू माझ्याशी थेट बोलत नव्हती. भांडण, अबोला असलं काही नव्हतं. जावयासमोर डोक्यावर पदर घ्यायचा, मान खाली ठेवायची आणि काय सांगायचं ते लेकीच्या तोंडून सांगायचं, ही त्यांची रीत. मी तीन हातांवर खाटेवर बसलेला असायचो आणि त्या चुलीपासून माझ्या बायकोला म्हणायच्या, "त्याईले म्हण, अजून एक पोळी घ्या." बायको माझ्याकडे वळून म्हणायची, "आई म्हणते, अजून एक पोळी घ्या." मी बायकोला म्हणायचो, "त्याईले म्हण, पोट भरलं." तोवर पोळी ताटात पडलेली असायची. आमच्यात समोरासमोर काय ते येताना आणि निघताना. मी "जय भीम, मामी" म्हणायचो, त्या पदर सावरून हात जोडायच्या. आमच्याकडे सासूला मामीच म्हणतात.

त्यांचं गाव बोरी अरबच्या पुढे, आतल्या फाट्याला. सासरे आमच्या लग्नाआधीच गेले, लेक एकुलती, म्हणून मामी एकट्याच राहायच्या. स्वतःचं वावर नाही. गावाच्या खालच्या अंगाला सिंचनाचा एक तलाव आहे. दिवाळीनंतर त्याचं पाणी उतरायला लागलं की काठची काळी, ओली जमीन उघडी पडते. ती एका हंगामापुरती कसायला मिळते. तिला गाळपेर म्हणतात. मामी दरवर्षी त्यातली पाण्यालगतची एक पट्टी घेत आणि हरभरा पेरत. ओलीवर बी टाकायचं आणि पुढचं थंडीवर सोडून द्यायचं. हरभरा वितीएवढा झाला, कोवळा हिरवागार दिसायला लागला, की उत्तरेकडून पाहुणे उतरत.

पक्ष्यांच्या पुस्तकात त्यांना पट्टकादंब म्हणतात. हंसाच्या जातीचे, राखाडी अंगाचे आणि पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूनं दोन काळे पट्टे असलेले. हिमालय ओलांडून येतात. मामींना त्यांच्या हिमालयाशी काही घेणंदेणं नव्हतं. त्या त्यांना पट्टेवाले म्हणत. कचेरीतला पट्टेवाला जसा कोणाला न विचारता आतबाहेर करतो तसे हे त्यांच्या हरभऱ्यात करत. दिवस उगवायच्या आत मामी तेलाचा रिकामा पिपा आणि काठी घेऊन पट्टीवर हजर असत. पिपा वाजला की पट्टेवाले कुरकुरत उठत, पाण्यावरून एक फेरी मारत आणि पलीकडच्या काठाला जाऊन बसत. मामी भाकर खायला वळल्या की परत.

मी नेरच्या एका हायस्कुलात प्रयोगशाळा परिचर आहे. काचेच्या नळ्या धुणं, कुलपं उघडणं, सूक्ष्मदर्शक पुसून ठेवणं, हे माझं काम. सुटीच्या दिवशी मी गळ्यात जुनी दुर्बीण अडकवून पाखरं पाहत हिंडतो. सासरवाडीला गेलो की तलावाच्या एका टोकाला मी पट्टेवाले मोजत उभा आणि दुसऱ्या टोकाला मामी त्यांना उडवत, असं दृश्य असायचं. माझी मोजणी दर वेळी अर्ध्यात मोडायची. मी बायकोला म्हणायचो, "आईले म्हण ना, दहा मिनिटं थांबा."

"तुम्हीच म्हणा. तुमची सासू हाये," ती म्हणायची.

ते काही मला कधी जमलं नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. संक्रांत होऊन गेली होती. बुधवारी मधल्या सुटीत मी प्रयोगशाळेत डबा उघडून बसलो होतो आणि फोन वाजला. मामींचा नंबर. बायकोचा फोन लागत नसेल म्हणून मला केला असेल, असं वाटलं. मी "हॅलो" म्हटलं. पलीकडून काही नाही. नुसता वारा आणि लांबवर पाखरांचा कालवा. फोन चुकून लागला म्हणून मी ठेवणार, तेवढ्यात आवाज आला.

"जवाई, मी बोलून राह्यली."

मी उभाच राहिलो. नऊ वर्षांत पहिलं वाक्य. पहिल्यांदा मनात आलं ते वाईटच आलं. पडल्या असतील, काही चावलं असेल.

"काय झालं, मामी? तब्येत?"

"मले काय होते? तुम्ही पाखरं पाहता म्हणून फोन लावला. पट्टेवाल्याईत एक बिनपट्ट्याचा आला हाये."

"बिनपट्ट्याचा?"

"हो. रंग मातीवानी. डोक्यावर पट्टे नाहीत. चोच संपते तिथं, कपाळाले, पांढरं हाये. चुना फासल्यावानी. अन् पोटावर काळे फराटे हायेत, आडवे. पाय नारंगी. असा म्या आजपावतो पाह्यला नाही."

आता विचार केला तर मला माझीच लाज वाटते. एवढं नेमकं वर्णन मी स्वतः माझ्या वहीत कधी लिहिलं नसेल. पण त्या वेळी डब्यातली भाजी गार होत होती, पुढचा तास प्रात्यक्षिकाचा होता आणि आपल्याला पक्ष्यांमधलं कळतं हा गर्व डोक्यात होता. मी म्हणालो, "मामी, कोणाचं पाळलेलं बदक सुटून आलं असंल."

"उडते ना तो. पट्टेवाल्यासंगं उडते."

"मंग राखी हंस असंल. साधा असते तो. येते कधी कधी."

मग म्हणाल्या, "बरं," आणि फोन ठेवला.

दुपारभर मी नळ्या धुतल्या. पण ते "बरं" डोक्यातून जाईना. संध्याकाळी घरी आल्यावर हातपाय न धुताच पुस्तक काढलं. राखी हंसाचं चित्र पाहिलं. त्याच्या कपाळाला पांढरं नसतं. पोटावर काळे आडवे फराटे नसतात. पाय गुलाबी. पान उलटलं, तर तिथे तो होता. मातकट अंग, चोचीभोवती पांढरं कपाळ, पोटावर काळ्या रंगाचे तुटक पट्टे, नारंगी पाय. पांढऱ्या कपाळाचा हंस. पार सैबेरियाकडचा. आपल्याकडे फार क्वचित दिसतो, असं खाली लिहिलं होतं. माझ्या ओळखीतल्या कोणी तो पाहिलेला नव्हता.

बायकोला सांगितलं. तिला हंसाचं काही वाटलं नाही. ती फोनाच्या गोष्टीवर अडकली.

"आईनं फोन केला? तुमाले? सोता होऊन?"

"हो."

"अन् तुम्ही काय म्हटलं?"

मी सांगितलं. तिनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. "नऊ वर्षांत पहिल्यांदा ती तुमच्यासंग बोलली, अन् तुम्ही तिले म्हणता की ते बदक हाये?"

मी मामींना फोन लावला. तीनदा लावला. उचलला नाही. शेवटी बायकोनं लावला तर एका रिंगमध्ये उचलला. मायलेकी बोलल्या. रविवारी येतो म्हणून कळवलं. मामींनी पुन्हा जुन्याच वाटेनं निरोप दिला, "त्याईले म्हण, येजा."

गुरुवार, शुक्रवार, शनिवार कसे गेले ते मलाच माहीत. शनिवारची अर्धी शाळा संपल्यावर लगेच निघायचा विचार होता, पण मुख्याध्यापकांनी कपाटांची यादी करायला बसवलं. रविवारी अंधार फिटायच्या आत आम्ही मोटरसायकल काढली. बायको मागे, दोघांच्या अंगावर शाली, माझ्या डोक्यावर कानटोपी. दारव्हा रोडनं दोन्ही बाजूंच्या तुरी दवानं वाकल्या होत्या. पऱ्हाटीला शेवटच्या वेचणीचा चुकार कापूस लोंबत होता. बोरी अरबला चहा घ्यायला थांबू म्हणून बायको म्हणाली. मी थांबलो नाही. ती पुढचा सगळा रस्ता माझ्या पाठीशी काही बोलली नाही.

मामी घरी नव्हत्या. दाराला नुसती कडी. बायको म्हणाली, "तुम्ही जा. मी सयपाक करतो. त्या चिखलात मले नाही यायचं, लहानपणी लय हाकलले ते."

तलावावर धुकं होतं. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. बांधावरून खाली उतरलो तर मामी दिसल्या. घोंगडी पांघरून पट्टीच्या वरच्या टोकाला बसलेल्या. मला पाहून उठल्या, पदर पुढे ओढला.

"जय भीम, मामी."

त्यांनी हात जोडले. मग दोघंही उभे. सांगायला मधे कोणी नव्हतं. धुक्यातून पट्टेवाल्यांचा आवाज येत होता, आँग आँग असा, नाकातला. मी म्हणालो, "मामी, बुधवारी मी चुकलो. तुम्ही सांगतलं तसाच एक हंस असते. पुस्तकात हाये. लय दुर्मीळ हाये."

त्या जमिनीकडे पाहत म्हणाल्या, "पुस्तकात हाये नं? मंग झालं."

अर्ध्या तासानं धुकं उचललं गेलं. पलीकडच्या काठाला, बेशरमाच्या झाडोऱ्यापुढे, थवा बसला होता. मी दुर्बीण लावली आणि एकेक करत पाहत गेलो. त्रेचाळीस पक्षी. त्रेचाळिसांच्या डोक्यावर दोन दोन पट्टे. दुसऱ्या टोकाकडून पुन्हा मोजले. तेवढेच.

"नाही दिसत," मी म्हणालो.

मामींचा चेहरा उतरला. "होता. काल दिवस बुडताना होता. या इथं, या बाभळीच्या समोर होता." त्यांनी हातातल्या काठीनं जागा दाखवली. तिथे चिखलात पावलांचे ठसे होते, सगळे सारखेच. "मी खोटं कायले सांगू?"

"मामी, खोटं कोण म्हणते?"

"भोयाचा पोट्टा आलता सकायी, मासे धराले. त्याच्यानं बिचकले अन् तिकडं गेले." त्या एकदम चालायला लागल्या. "चला. तिकडून जाऊ. झाडाईच्या आडून."

तलावाला वळसा घालायचा म्हणजे दीड तासाची चाल. मामी पुढे, मी दहा पावलं मागे. त्यांनी चपला हातात घेतल्या होत्या. मी बूट घालून आलो होतो आणि दर पावलाला एक एक किलो गाळ उचलत होतो. एका ठिकाणी नाला तलावाला मिळतो, तिथे मी गुडघ्यापर्यंत रुतलो. एक पाय काढावा तर दुसरा आत. मामी परत आल्या. पाहिलं. जावयाचा हात कसा धरायचा, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला. मग त्यांनी काठीचं एक टोक माझ्याकडे केलं आणि दुसरं दोन्ही हातांनी धरून ओढलं. साठीच्या बाईच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. मी बाहेर आलो, माझा डावा बूट आत राहिला. त्या खाली बसल्या, गाळात कोपरापर्यंत हात घातला आणि बूट काढून दिला. आणि हसल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत हसल्या. मग मीही हसलो.

त्यानंतर आमच्यात दहा पावलांचं अंतर राहिलं नाही. दोन-तीन पावलांवर आलं.

"एक इचारू?" त्या चालता चालता म्हणाल्या.

"इचारा ना."

"तुम्ही कायले पाहता पाखरं? खात नाही, धरत नाही, हाकलत नाही. नुसते पाहता."

हा प्रश्न मला शाळेतल्या सरांनी, शेजाऱ्यांनी, बायकोनं विचारलेला आहे आणि मी दर वेळी "आवड आहे" म्हणून मोकळा झालो आहे. मामींना मी खरं सांगितलं. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात भुसा भरलेला एक पक्षी आहे, माझ्याही आधीपासूनचा. धुळीनं मळलेला, तपकिरी, पंख मिटलेला, नावाची चिठ्ठी फाटलेली. नोकरीला लागलो त्या वर्षी एका मुलीनं विचारलं, हा कोणता पक्षी? मला सांगता आलं नाही. सरांनाही आलं नाही. मी हिवाळाभर तसा पक्षी शोधत हिंडलो. एक दिवस कारंजा रोडला तारेवर तसाच एक बसलेला दिसला, तसाच मळकट. मी पाहत असतानाच तो उडाला आणि त्याचे पंख उघडले. निळे. असा निळा रंग मी कुठे पाहिला नव्हता. नीलपंख होता तो. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मी कपाटातल्या पक्ष्याचा पंख दाभणानं जरासा उचलला. आत अजून तो निळा होता.

मामी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुमचे मामाजी गेले त्या सालापासून मी या पट्टीवर एकटी येतो. आंधी दोघं येत होतो. पयल्या वर्षी पिपा वाजवाले मन नाही झालं. बसून राह्यली. तवा पाहत गेली त्याईच्याकडं. त्याईत एक लंगडा हाये. चार सालापासून येते. एक म्हातारी हाये, ते सगळ्याईच्या आंधी उठते, मान वर करून पाहते, मंग बाकीचे उठतात. दोन हायेत ते कधी एकमेकाले सोडत नाहीत." काठी चिखलात रोवत त्या म्हणाल्या, "ज्याले रोज हाकलाव लागते, त्याचा चेहरा ध्यानात राह्यते, जवाई."

पलीकडच्या काठाला आलो तेव्हा ऊन चांगलं पडलं होतं. बेशरमाच्या आडोशाला आम्ही बसलो. थवा आमच्यापासून शंभर पावलांवर, अर्धे झोपलेले, अर्धे पिसं साफ करणारे. मी दुर्बीण डोळ्याला लावून डावीकडून सुरुवात केली. पट्टेवाला, पट्टेवाला, पट्टेवाला.

मामींनी काठीनं माझ्या बुटाला हलकंच टोचलं. "तिकडं कुठं पाहता? हा पाहा. मागं. गवतात. मान खाली घालून चरून राह्यला."

मला नुसतं गवत दिसत होतं.

"चालणं पाहा ना त्याचं. पट्टेवाला झुलत चालते. हा कसा, नवी सून चालते तसा चालून राह्यला."

मी दुर्बीण फिरवली. गवतात एक मातकट पाठ हलत होती. ती थांबली. मान वर आली.

चोच गुलाबी. चोचीभोवती पांढरं कपाळ, खरंच चुना फासल्यासारखं, कडा अगदी नेटक्या. तो एक पाऊल वळला आणि पोट दिसलं. काळे फराटे, आडवे, वेडेवाकडे, मुलानं शाईत बोट बुडवून ओढावेत तसे. नारंगी पाय. मामींनी फोनवर सांगितलेल्या एकाही गोष्टीत चूक नव्हती. तो दुर्बिणीत उड्या मारायला लागला. मी कोपर गुडघ्यावर टेकवले. एवढ्या लांबून, आपल्या जातीचं कोणी सोबत नसताना, चुकून दुसऱ्यांच्या थव्यात मिसळून हा या तलावावर आला होता आणि निवांत गवत खात होता. पट्टेवाल्यांनी त्याला आपल्यात घेतलं होतं. एक त्याच्या अगदी जवळून गेला, तर तो जरा बाजूला झाला, एवढंच.

"दिसला?" मामींनी विचारलं.

मी मान हलवली.

मग मी दुर्बीण गळ्यातून काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी आधी हात लुगड्याला पुसले. उलटी धरली, मी सुलटी करून दिली. बराच वेळ त्यांना काही दिसेना. एकदा पाणी, एकदा आभाळ. मी मधलं चाक कसं फिरवायचं ते दाखवलं. एकाएकी त्यांनी चाक सोडलं.

"अवो बाई! डोळा दिसते त्याचा."

त्या कितीतरी वेळ पाहत राहिल्या. डोक्यावरचा पदर मागे सरकला होता आणि त्यांच्या ध्यानात नव्हतं. पांढऱ्या कपाळाच्याकडून त्या पट्टेवाल्यांकडे गेल्या, एकेकाला पाहत. हळूच म्हणाल्या, "हा लंगडा. हे म्हातारी." मग म्हणाल्या, "इतके दिवस नुसते पिपे वाजवले."

"कुठून येते हा पांढऱ्या कपाळाचा?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. लय उत्तरेला, जिथे जमीन सहा-आठ महिने बर्फात असते, झाड उगवत नाही.

"तिथंबी कोणी हाकलत असंल का त्याले?"

मला ठाऊक नव्हतं. तसं सांगितलं.

परत येताना दुपार झाली. सकाळी धुक्यात मला मामींची पट्टी नीट दिसली नव्हती. आता दिसली. पाण्याकडचा अर्धा हरभरा जमिनीसरसा झाला होता. काड्या उभ्या, पानं गेलेली, मधे मधे पक्ष्यांची हिरवी विष्ठा. शेजारच्या पट्टीतले काका बांधावर विडी ओढत बसले होते. त्यांचा हरभरा जसाच्या तसा होता.

"या जवाई," ते म्हणाले. "तुमच्या सासूले जरा समजावून सांगा. बुधवारापासून बाईनं पिपा वाजवला नाही. मी माह्या पट्टीतून हाकललं की समदे हिच्या पट्टीत. अन् ही बसून पाहते. म्या म्हटलं, वयनी, खाऊन चालले ना. तर मलेच म्हणते, हळू बोला."

मामी चटकन म्हणाल्या, "भाऊजी, कायले सांगता त्याईले? झालं ते झालं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या पायानं ढेकूळ फोडत होत्या.

"काहून असं केलं, मामी?"

"तो नवा हाये. भेकड हाये. पिपा वाजवला तर पट्टेवाले वापस येतात, त्याईले सवय हाये. तो आला नसता." मग पदराआडून, अगदी बारीक हसत, "अन् तुम्ही म्हटलं असतं, बदकच होतं."

चार दिवस. बुधवारी मी "साधा असते तो" म्हणून विषय संपवला होता, आणि इकडे ही बाई तेव्हापासून आपला हरभरा खाऊ देत बसली होती, मला तो पक्षी दिसावा म्हणून. शिवाय माझे तीन फोन न उचलता. राग होताच त्यांचा. रागातही त्या पिप्याला हात लावत नव्हत्या.

घरी वांग्याची भाजी, भाकर आणि ठेचा तयार होता. जेवताना मामी चुलीपाशीच बसल्या, पण हंसाबद्दल माझ्याशीच बोलत होत्या, मी त्यांच्याशी. चोच गुलाबी की फिक्कट लाल यावर आमचा वादही झाला. बायको परात धरून मधे बसली होती, एकदा इकडे एकदा तिकडे पाहत. शेवटी म्हणाली, "मंग मी कायले हाये इथं?"

दुर्बिणीच्या काचेला मोबाइल टेकवून मी एक फोटो काढला होता. धूसर होता, पण कपाळ कळत होतं. तो मी यवतमाळच्या पक्षी पाहणाऱ्या ओळखीच्या मंडळींना पाठवला. पुढच्या रविवारी पाच जण आले. त्यात हातभर लांब भिंगाचा कॅमेरा असलेले एक डॉक्टर होते. मामींनी त्यांना वळसा घालून बेशरमाच्या आडोशापर्यंत नेलं, नाल्याशी कुठे पाय टाकायचा ते प्रत्येकाला दाखवलं. हंस तिथेच होता. डॉक्टरांनी फोटो काढले, मग कॅमेरा बाजूला ठेवून नुसतं पाहत बसले. परत येताना त्यांनी मला विचारलं, "नोंदीत पहिल्यांदा कोणी पाहिला म्हणून लिहू? तुमचं नाव?"

मी मामींकडे बोट केलं. मामी चार पावलं मागे सरकल्या. "माह्यं नोका लिहू बाप्पा. मी हाकलाले येतो."

पण लिहिलं. नाव विचारलं तेव्हा त्यांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांचं, नवऱ्याचं, सगळं, शाळेत हजेरीला सांगावं तसं सरळ उभं राहून.

हंस आणखी नऊ दिवस राहिला. दहाव्या दिवशी सकाळी मी शाळेचं कुलूप काढत होतो तेव्हा मामींचा फोन आला. "गेला तो. काल होता, आज नाही. पट्टेवाले हायेत." मग त्या म्हणाल्या, "आपल्या लोकाईत गेला असंल ना?" मी म्हणालो, गेला असेल. त्यांनी पुढे विचारलं, जेवले का, लेक काय करते, तिकडे थंडी आहे का. मग कितीतरी वेळ उगीच काहीबाही बोलत राहिल्या.

हरभऱ्याचं म्हणाल तर पाण्याकडचा गेला तो गेलाच. वरच्या अंगाला जिथे पट्टेवाल्यांनी नुसते शेंडे तोडले होते तिथे मात्र झाडाला फांद्या फुटल्या आणि घाटे चांगले लागले. त्या साली नेहमीपेक्षा कमीच आलं. मामींनी त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. मी काढायला गेलो तर म्हणाल्या, "शेंडे खुडाले माणूस लावलं असतं तर त्यालेबी भाकर द्या लागली असती."

पुढच्या हिवाळ्यात पट्टेवाले बत्तीस आले. मामींनीच मोजून सांगितले. पांढऱ्या कपाळाचा त्यांच्यात नव्हता. अजूनही परत आलेला नाही. लंगडाही त्या वर्षी आला नाही.

त्याच हिवाळ्यात, फेब्रुवारीत आम्ही दोघं गेलो तेव्हा घाटे भरले होते. काकांनी आपल्या पट्टीतली चार झाडं उपटली, मामींनी आपल्यातली चार. पऱ्हाट्यांचा जाळ करून त्यावर ओला हरभरा भाजून हुळा केला. पानं जळून गेली आणि घाटे फटफटायला लागले. आम्ही चौघं राखेभोवती बसून एकेक घाटा फोडून खात होतो. बायकोनं हुळा खाता खाता आईच्या गळ्यातली माझी दुर्बीण काढून घेतली आणि पहिल्यांदाच डोळ्याला लावली. पाण्यावर ऊन होतं. काका विचारत होते, त्यातून नेर दिसते का. सगळ्यांची बोटं आणि ओठ काळे झाले होते, आणि मामी मला सांगत होत्या की बाभळीकडच्या बाजूच्या राखेत अजून घाटे आहेत, ते काढा, नाहीतर जळून जातील.